रोझेच्या कोशात न थांबणारे शब्द

गेल्या पावसाळ्यात एका रुग्णालयासाठी मी माहितीपत्रकाचे इंग्रजीतून मराठीत भाषांतर करत होतो. शस्त्रक्रियेनंतरचे दोन दिवस रुग्णावर ‘कंटिन्युअल’ देखरेख ठेवली जाईल, असे मूळ वाक्य होते आणि मी फारसा विचार न करता ‘अखंड देखरेख’ असे लिहून मोकळा झालो. पत्रक छापले गेले, वाटले गेले आणि पंधरा दिवसांत माझ्याकडे परत आले, त्या दोन शब्दांभोवती लाल शाईचे वर्तुळ घेऊन. एका रुग्णाच्या मुलाने परिचारिकेशी वाद घातला होता: कागदावर अखंड लिहिले आहे, मग वडिलांना यंत्र का लावले नाही आणि तुम्ही चार-चार तासांनी का येता? मूळ मजकूर लिहिणाऱ्याला चार-चार तासांनी येणेच अभिप्रेत होते. यंत्र लावून ठेवायचे असते, तर त्याने ‘कंटिन्युअस’ लिहिले असते. चूक सर्वस्वी माझी होती आणि वीस वर्षे हेच काम करणाऱ्या माणसाला ती शोभणारी नव्हती.

त्या संध्याकाळी मी कपाटातला रोझेचा थिसॉरस, म्हणजे इंग्रजी समानार्थी शब्दांचा विषयवार कोश, काढला आणि त्यानंतर जवळपास दोन महिने, इंग्रजीतल्या ‘न थांबणाऱ्या’ विशेषणांपुरता का होईना, तो रोज वापरला. ज्याला इंग्रजी वाचता येते पण नेमका शब्द निवडताना हात अडखळतो, अशा मराठी वाचकाला हे साधन किती उपयोगी पडेल, हे त्या वापराच्या आधारावर सांगण्याचा हा प्रयत्न आहे. माझ्याकडे दोन प्रती आहेत. एक पुण्यात अप्पा बळवंत चौकातून घेतलेली जुनी छापील प्रत आणि दुसरी 1911च्या आवृत्तीची, प्रोजेक्ट गुटेनबर्ग या संकेतस्थळावर फुकट मिळणारी, साध्या मजकुराची फाइल. पुढे दिलेले सगळे क्रमांक या 1911च्या आवृत्तीतले आहेत. नंतरच्या संपादकांनी क्रमांक बदलले, त्यामुळे नव्या आवृत्तीत ते जुळले नाहीत तर दोष कोशाचा नाही.

आपल्याकडे पुस्तकांच्या दुकानात याला सर्रास ‘रॉजेट’ म्हणतात. पीटर मार्क रोझे याचे वडील जिनीव्हाहून लंडनला आलेले धर्मोपदेशक होते, त्यामुळे आडनाव फ्रेंच वळणाने उच्चारायचे. हा गृहस्थ 1779 मध्ये जन्मला, एकोणिसाव्या वर्षी एडिंबरोहून वैद्यकाची पदवी घेऊन बाहेर पडला आणि 1827 ते 1848 अशी एकवीस वर्षे रॉयल सोसायटी या लंडनच्या विज्ञानसंस्थेचा सचिव होता. शब्दांची पहिली यादी त्याने 1805 मध्ये स्वतःच्या सोयीसाठी केली. ती छापली गेली 1852 मध्ये, म्हणजे त्याच्या वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी. मधली सत्तेचाळीस वर्षे ती यादी त्याच्या टेबलावर वाढत राहिली. 1869 मध्ये वयाच्या नव्वदाव्या वर्षी तो वारला. पुढे मुलाने आणि मग नातवाने हे काम चालवले.

या कोशात शब्द वर्णानुक्रमाने नाहीत. सगळ्या कल्पनांचे सहा वर्ग, त्यांचे पोटविभाग आणि त्याखाली एक हजार मथळे, अशी ही रचना आहे. प्रत्येक मथळ्याखाली आधी नामे, मग क्रियापदे, मग विशेषणे आणि शेवटी क्रियाविशेषणे येतात. अर्थ दिलेले नाहीत. उदाहरणे नाहीत. व्युत्पत्ती नाही. नुसते शब्द एकामागून एक, स्वल्पविराम देऊन मांडलेले. पहिल्यांदा उघडणाऱ्याला हा किराणा दुकानातला उधारीचा खाता वाटतो: माल आहे, हिशेब आहे, पण कशाचा उपयोग काय, हे दुकानदारालाच ठाऊक.

मी सुरुवात मथळा क्रमांक 112 पासून केली, कारण त्याचे नावच ‘परपेच्युइटी’, म्हणजे अंत नसलेला काळ. तिथल्या विशेषणांत परपेच्युअल, इटर्नल, एव्हरलास्टिंग, कंटिन्युअल, सेम्पिटर्नल, एंडलेस, सीसलेस, इन्सेसंट, अनइंटरप्टेड, इंडेसिनंट, अनसीझिंग, इंटरमिनेबल, एव्हरग्रीन, अमॅरँथाइन, डेथलेस, इम्मॉर्टल असे शब्द एकाच पंगतीला बसलेले आहेत. त्यात देव आहे, झाडाचे पान आहे आणि शेजाऱ्याच्या मिक्सरचा आवाजही आहे. परिच्छेद वाचून झाल्यावर माझी पहिली प्रतिक्रिया वैतागाची होती. ज्या ‘कंटिन्युअल’ने मला गोत्यात आणले, तो इथे ‘सेम्पिटर्नल’च्या मांडीला मांडी लावून बसला होता. सेम्पिटर्नल म्हणजे कालाच्या आदीपासून अंतापर्यंत असणारे. रुग्णाला चार-चार तासांनी पाहणे आणि परमेश्वराचे अस्तित्व एकाच ओळीत ठेवणारा कोश भाषांतरकाराच्या काय कामाचा?

तरीही फाइलमध्ये ‘कंटिन्युअल’ हा शब्द पुन्हा शोधला, तेव्हा तो आणखी एका ठिकाणी सापडला: क्रमांक 136, ‘फ्रीक्वेन्सी’, म्हणजे वारंवारता. तिथे त्याच्या आजूबाजूला फ्रीक्वेंट, इन्सेसंट, परपेच्युअल, स्टेडी आणि कॉन्स्टंट आहेत आणि थोडे पुढे ‘दर तासाला’, ‘रोज’ अशा अर्थाचे शब्द येतात. माझे उत्तर तिथे होते. रोझे अर्थ सांगत नाही, पत्ता सांगतो. एका शब्दाचे दोन पत्ते असतील, तर त्याचे दोन संसार आहेत असे समजावे आणि कोणत्या घरी गेल्यावर तो कसा वागतो, हे शेजाऱ्यांकडे पाहून ओळखावे. ‘कंटिन्युअस’ मात्र या दोन्ही घरी फिरकत नाही. तो राहतो क्रमांक 69 मध्ये, ‘कंटिन्युइटी’ या मथळ्याखाली, आणि हा मथळा काळाच्या विभागातच नाही. तो क्रमाच्या, मांडणीच्या विभागात आहे. तिथले शेजारी म्हणजे कन्सेक्युटिव्ह, सीरिअल, अनब्रोकन, लिनिअर. म्हणजे रांग, साखळी, न तुटलेली रेघ. म्हणूनच कागदावरची रेघ कंटिन्युअस असू शकते, कंटिन्युअल असू शकत नाही.

मराठीत हा भेद नाही असे नाही. तो आपण रोज करतो, फक्त पुस्तकी शब्दांत करत नाही. ‘फोन सारखा वाजतोय’ आणि ‘फोन सलग दोन मिनिटे वाजत होता’ ही दोन वाक्ये घरातले लहान मूलही गोंधळ न करता बोलते. ‘सारखा’ म्हणजे वाजतो, थांबतो, पुन्हा वाजतो. ‘सलग’ म्हणजे मध्ये फट नाही. आपल्याला फसवतो तो ‘सतत’. तो दोन्हीकडे चालतो आणि भाषांतरकार घाईत असला की नेमका तोच आधी हाताला लागतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे त्याचा भारदस्त भाऊ ‘अखंड’. अखंड हा शब्द आपल्याकडे नंदादीपाचा आहे, हरिनाम सप्ताहातल्या विण्याचा आहे. सप्ताहात तो वीणा जमिनीवर टेकू द्यायचा नसतो, एका वारकऱ्याच्या गळ्यातून तो दुसऱ्याच्या गळ्यात जातो. असा शब्द मी चार तासांनी येणाऱ्या परिचारिकेला लावला. रुग्णाच्या मुलाला राग आला, यात नवल नाही.

इथे कोशाची बाजू घेऊन एक गोष्ट सांगायला हवी. ‘कंटिन्युअल’ इंग्रजीत चौदाव्या शतकापासून आहे, ‘कंटिन्युअस’ सतराव्या शतकात आला, आणि तोवर पहिला शब्द दोघांचेही काम करत होता. ‘कंटिन्युअल म्हणजे मधे खंड असलेले’ हा काटेकोर नियम व्याकरणाच्या मार्गदर्शकांनी नंतर घट्ट केला. तेव्हा 112 मध्ये तो शब्द ठेवण्यात चूक नव्हती. फक्त आजचा वाचक त्या ओळीवर विसंबून लिहील, तर तो अडचणीत येईल.

याच रोझेने 1824 मध्ये रॉयल सोसायटीपुढे एक निबंध वाचला होता, उभ्या फटींमधून पाहिल्यावर फिरत्या चाकाचे आरे वाकलेले का दिसतात, या विषयावर. कुंपणाच्या पट्ट्यांमधून बग्गीचे चाक पाहिले, की डोळ्यापर्यंत तुकडे पोहोचतात आणि दिसते मात्र सलग आकृती. तुटक गोष्ट सलग कशी भासते, याचा कोश छापण्याच्या अठ्ठावीस वर्षे आधी असा विचार केलेला माणूस ‘कंटिन्युअल’ दोन घरी ठेवतो आणि ‘कंटिन्युअस’ तिसऱ्या, हे मला योगायोगाचे वाटत नाही. अर्थात हा माझा तर्क आहे.

पत्त्यांवरून अर्थ ओळखण्याची ही युक्ती एकदा सापडली, की कोश वाचण्याची गंमत वाढत जाते. ‘इंटरमिनेबल’ 112 मध्ये आहेच, पण त्याचे दुसरे घर क्रमांक 200 मध्ये आहे, ‘लेंग्थ’ या मथळ्याखाली, ताणलेल्या, लांबवलेल्या वस्तूंच्या सोबत. म्हणजे या शब्दाला काळापेक्षा लांबीचा कंटाळा अधिक आहे. इंग्रजीत इंटरमिनेबल भाषण असते, रांग असते, सभा असते, आणि ती खरोखर अनंत कधीच नसते, नुसती तशी वाटते. त्याला मराठीत ‘अनंत’ म्हटले तर हसू येईल. तिथे आपल्याला मारुतीचे शेपूट लागते, किंवा चर्चेचे गुऱ्हाळ.

‘रिलेंटलेस’चा पत्ता तर धक्का देणारा आहे. हल्ली वर्तमानपत्रांत पाऊस रिलेंटलेस असतो, खेळाडूचा सराव रिलेंटलेस असतो, अगदी मोबाइलच्या जाहिरातीतही तो कौतुकाने येतो. रोझेने मात्र त्याला क्रमांक 919 मध्ये ठेवले आहे, सूडाच्या मथळ्याखाली. शेजारी आहेत अनफर्गिव्हिंग, इम्प्लेकेबल, रिमॉर्सलेस. ‘रिलेंट’ म्हणजे पाझर फुटणे, मन विरघळणे, आणि त्याचा नकार म्हणजे रिलेंटलेस. इन्सेसंट पाऊस थांबत नाही, एवढेच आपण म्हणतो. रिलेंटलेस पाऊस म्हणताना त्याला दया येत नाही, असे म्हणतो. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला. त्या पावसाला ‘संततधार’ म्हणणे मला कधीच पटले नाही. संततधार आपली शांत असते, विदर्भातली श्रावणातली झड असते, तिच्यात कपडे वाळत नाहीत पण माणूस चहा घेत बसू शकतो. त्या दिवशीचा पाऊस संततधार नव्हता, तो सूडाला उतरला होता, आणि अशा ठिकाणी 919 क्रमांक डोळे उघडतो.

‘अनरिमिटिंग’ आणि ‘अनइंटरमिटिंग’ या जोडीपाशी मी सर्वांत जास्त वेळ घालवला. दोन्ही शब्द 69 मध्ये आहेत आणि दोन्ही 604अ मध्येही, चिकाटीच्या मथळ्याखाली. (हा ‘अ’ नंतर घुसवलेल्या मथळ्याचा आहे, आपल्या गावठाणातल्या घरक्रमांकासारखा.) इथे रोझे दोघांत काहीच फरक करत नाही, आणि तो स्वतः डॉक्टर होता म्हणून हे अधिक खटकते. कारण या जोडीतला फरक वैद्यकाच्या विद्यार्थ्याला तापाच्या पहिल्याच धड्यात शिकवतात. ताप दिवसभर जवळजवळ एकाच पातळीवर राहिला आणि उतरलाच नाही, तर तो कंटिन्युअस. खालीवर होत राहिला, बराच उतरला, पण पूर्ण कधीच गेला नाही, तर तो रिमिटंट. काही तास अंग अगदी निवते आणि ताप पुन्हा चढतो, तो इंटरमिटंट, जसा हिवतापात. तेव्हा अनरिमिटिंग म्हणजे ज्याचा जोर ओसरत नाही ते, आणि अनइंटरमिटिंग म्हणजे ज्यात मधे सुट्टी नाही ते. एखादे दुखणे चोवीस तास असूनही संध्याकाळी सौम्य होत असेल, तर ते अनइंटरमिटिंग आहे, अनरिमिटिंग नाही. आपल्या घरातल्या आजीने हे ‘ताप उतरला नाही, पण मोडला आहे’ अशा चार शब्दांत सांगितले असते.

इथून मला एक गोष्ट कळली, जी कोश कुठेच सांगत नाही, पण त्याच्या याद्या समोर असल्याशिवाय कळलीही नसती. इंग्रजीतली न थांबण्याची बहुतेक विशेषणे नकारातून तयार झालेली आहेत: इन्सेसंट, सीसलेस, अनसीझिंग, अनरिमिटिंग, रिलेंटलेस, इंटरमिनेबल, एंडलेस, अनटायरिंग. आणि प्रत्येक जण वेगळी गोष्ट नाकारतो. एक थांबणे नाकारतो, एक सैल होणे, एक विरघळणे, एक सीमा, एक थकवा. म्हणून भाषांतर करताना ‘किती वेळ चालते?’ हा प्रश्न विचारून उपयोग नाही, कारण उत्तर सगळ्यांचे सारखेच येते. ‘काय होत नाही?’ हा प्रश्न विचारावा. अनटायरिंगला अथक, अनरिमिटिंगला जोर न ओसरणारे, एंडलेसला न संपणारे. एवढे केले, की ‘सतत’ची गरज निम्म्याने कमी होते.

नकाराशिवाय चालणारे शब्द थोडे आहेत आणि त्यांतला ‘पेरेनिअल’ मला विशेष आवडतो. रोझेने तो कॉन्स्टंट आणि एव्हरग्रीनसोबत 69 मध्ये बसवला आहे. त्याच्या पोटात लॅटिनमधले वर्ष आहे, म्हणजे वर्षानुवर्षे चालणारे. नदी पेरेनिअल असेल तर बारमाही, इथे मराठीने वर्षाऐवजी महिने मोजले. झाड पेरेनिअल असेल तर बहुवर्षायू, आणि असे झाड प्रत्यक्षात दर हिवाळ्यात जमिनीलगत मरून वसंतात पुन्हा फुटू शकते. म्हणजे हा शब्द पुन्हा पुन्हा येऊन टिकणाऱ्यांचा आहे. म्हणून पाणीटंचाईला इंग्रजी बातमीत पेरेनिअल म्हणतात, तेव्हा ‘कायमची’ हे भाषांतर अर्धेच बरोबर असते. तीही दर उन्हाळ्यात नव्याने उगवते. मी तिथे ‘पाचवीला पुजलेली’ लिहितो आणि संपादकाने अजून तरी ते खोडलेले नाही.

‘परपेच्युअल’ कायद्याच्या कागदांत भेटतो आणि तिथे तो दोन रूपांत येतो. परपेच्युअल इंजंक्शन म्हणजे कायमचा मनाईहुकूम, तात्पुरत्या मनाईहुकुमाच्या उलट. पण कंपनीला परपेच्युअल सक्सेशन असते असे कायदा म्हणतो, तेव्हा भागधारक मेले, बदलले, निघून गेले तरी कंपनी तीच राहते, असा अर्थ असतो. तिथे ‘कायमची’ म्हणून चालत नाही, कारण कंपनी बुडू शकते. ‘अखंड परंपरा’ म्हणावे लागते. अखंड शब्द कुठे शोभतो, हे मला इतक्या उशिरा आणि इतक्या रुक्ष ठिकाणी कळले.

1852च्या प्रस्तावनेत रोझेने आपल्या आधी असा विषयवार कोश रचणाऱ्यांचा उल्लेख करताना अमरसिंहाच्या संस्कृत अमरकोशाचे नाव घेतले आहे, हे अनेक मराठी वाचकांना ठाऊक नसते. कोलब्रूक या इंग्रज संस्कृत पंडिताने केलेले त्याचे इंग्रजी भाषांतर 1808 मध्ये श्रीरामपूरला (बंगालमधल्या, आपल्या नव्हे) छापले गेले होते आणि ते रोझेपर्यंत पोहोचले होते. त्याचे मत फारसे चांगले नव्हते. अमूर्त कल्पनांच्या बाबतीत ही रचना अपुरी आणि गोंधळाची आहे, असे त्याने नोंदवले. मग मी अमरकोश काढला. पहिल्या कांडात, स्वर्गवर्गात, न थांबण्याचे नऊ शब्द एका जागी दिले आहेत: सतत, अनारत, अश्रांत, संतत, अविरत, अनिश, नित्य, अनवरत, अजस्र. त्यांच्याआधी शीघ्रतेचे शब्द येतात, त्याआधी वेगाचे, आणि त्याआधी वाऱ्याची नावे. वाऱ्यावरून वेग, वेगावरून घाई, घाईवरून न थांबणे. रोझेच्या शिस्तीपुढे हा गोंधळ असेलही, पण पाठ करणाऱ्या माणसाच्या डोक्यात गोष्टी अशाच एकीवरून दुसरीवर जातात. नवांपैकी सहा शब्द इथेही नकाराने सुरू होतात. आणि त्या नऊंपैकी शेवटचा ‘अजस्र’ मराठीत येऊन भलताच झाला. संस्कृतात तो न थांबणारा होता, आपल्याकडे तो प्रचंड झाला, अजस्र कातळ, अजस्र यंत्र. कोणत्याही कोशाने शब्दांना कितीही पक्के पत्ते दिले, तरी भाडेकरू घर बदलतातच, याचा हा घरचा पुरावा. थिसॉरस या शब्दाचा मूळ अर्थ खजिना, आणि आपला ‘कोश’ही मुळात खजिनाच, हे जाता जाता.

आता उणिवा. पहिली आणि सर्वांत मोठी म्हणजे हा कोश शिकाऊ माणसाच्या हातात देण्यासारखा नाही. माझ्या भाच्याने, बारावीत असताना, निबंधात शहरातल्या वाहतुकीला ‘इंडेसिनंट’ म्हटले. शिक्षकांनी समासात प्रश्नचिन्ह काढले, कारण शब्द त्यांनाही ठाऊक नव्हता, आणि तो आजच्या इंग्रजीतून केव्हाच गेलेला आहे. भाच्याला तो माझ्याच फाइलमध्ये मिळाला होता. सीसलेस आणि अनसीझिंगच्या बरोबरीने, त्याच ओळीत, त्याच टायपात छापलेला शब्द चालू नाणे नाही, हे त्याला कसे कळावे? अमॅरँथाइनचेही तसेच. कधीही न कोमेजणाऱ्या काल्पनिक फुलावरून आलेला हा शब्द कवितेत ठीक, पण सरकारी अर्जात तो दिसला तर अधिकारी अर्जदाराकडे मान वर करून पाहील.

दुसरी उणीव भावनेची. कॉन्स्टंट हा शब्द मित्राला लावला तर गुण आहे, तक्रारीला लावला तर डोकेदुखी आहे. इन्सेसंट जवळजवळ नेहमी वैतागाचा आहे: इन्सेसंट बडबड, इन्सेसंट भुंकणे. इंग्रजीत कुणी आईच्या मायेला इन्सेसंट म्हणत नाही. हा भेद मथळ्यांवरून कळत नाही. त्यासाठी दुसरा कोश जवळ ठेवावा लागतो, आणि माझ्या अनुभवात मेरिअम-वेबस्टर कंपनीचा समानार्थी शब्दांचा कोश त्या कामाला सर्वांत चांगला आहे. तो पहिल्यांदा 1942 मध्ये निघाला. त्याची पद्धत उलटी आहे: शब्द मोजके, पण कंटिन्युअल, कंटिन्युअस, कॉन्स्टंट, इन्सेसंट, परपेच्युअल आणि पेरेनिअल यांना एकत्र उभे करून कोण कुठे वेगळा पडतो, हे वाक्यांत समजावून दिलेले असते. त्याच कंपनीच्या संकेतस्थळावर हा खुलासा थोडक्यात फुकट वाचता येतो. परीक्षेसाठी किंवा नोकरीच्या अर्जासाठी इंग्रजी लिहिणाऱ्याने तिथेच थांबावे, रोझेपर्यंत येण्याची गरज नाही. रोझे त्याच्यासाठी आहे, ज्याला शब्द माहीत आहे पण आठवत नाही, किंवा आठवतो पण मनातून पटत नाही.

तिसरी उणीव मांडणीची, आणि ती फुकटच्या फाइलपुरती आहे. मूळ छापील रचनेत विरुद्ध कल्पना दोन स्तंभांत समोरासमोर येतात, 69 कंटिन्युइटी डावीकडे तर 70 डिसकंटिन्युइटी उजवीकडे. न थांबणारे शब्द शोधताना थांबणारे शब्द नजरेच्या कोपऱ्यात असणे किती उपयोगाचे आहे, हे मला छापील प्रतीमुळे कळले. इंटरमिटंट, स्पॅस्मॉडिक असे शब्द पाहिल्यावर त्यांचे नकार जास्त स्पष्ट होतात. साध्या मजकुराच्या फाइलमध्ये हे स्तंभ एकाखाली एक येतात आणि जोडी तुटते. त्याबदल्यात फाइलमध्ये शब्द शोधून त्याचे सगळे पत्ते काही क्षणांत मिळतात. कामाच्या वेळी मी फाइल वापरतो, रविवारी पुस्तक.

चौथी तक्रार कोशाविषयी नाही, विक्रेत्यांविषयी आहे. हा मजकूर आता कुणाच्या मालकीचा राहिलेला नसल्यामुळे तो उचलून, रंगीत मुखपृष्ठ घालून, कुणीही छापतो. एका ऑनलाइन विक्रेत्याकडून मी अशी एक प्रत भेट देण्यासाठी मागवली होती. कागद बरा होता, बांधणी बरी होती, पण सूचीतले आकडे एका आवृत्तीचे आणि आतले मथळे दुसऱ्या आवृत्तीचे निघाले. सूची म्हणाली 136 पाहा, आणि 136 वर निघाली भलतीच कल्पना. या कोशात सूची बिघडली, तर उरते ती फक्त रद्दी. प्रत परत केली, पैसे मिळाले, पण वाढदिवस हुकला.

छापील प्रत घ्यायची असेल, तर दुकानात उभे राहूनच घ्यावी. शेवटची सूची उघडावी आणि ‘इन्सेसंट’ हा शब्द काढावा. चांगल्या प्रतीत त्याच्यापुढे पुनरावृत्ती, अंत नसलेला काळ आणि वारंवारता यांचे तीन वेगळे आकडे दिलेले असतात. तिन्ही पाने काढून पाहावीत. तिन्ही ठिकाणी शब्द जागेवर सापडला, तर किमतीची घासाघीस करायला हरकत नाही.